डब्यातली नावं

माझे बाबा, देवमन मास्तर, यांच्याकडे चार हजार तीनशे फोटो आहेत आणि त्यातल्या एकातही ते स्वतः नाहीत. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असायचा. मोर्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं काढली. दर फेब्रुवारीत प्रत्येक वर्गाचा एक फोटो, शिवाय पंधरा ऑगस्टचा, गॅदरिंगचा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा. "घरच्या लेकरायचे फोटो कमी आन् दुनियेच्या पोट्ट्यायचे जास्त," असं आई अजूनही बोलते आणि ते खरंच आहे. पाच वर्षांची दीक्षा, म्हणजे मी, कशी दिसायची हे मला माहीत नाही. पण त्या साली त्यांच्या शाळेतली चौथी कशी दिसायची, ते विचारा.

हे फोटो वर्षानुवर्षं अमरावतीच्या आमच्या घरात, लोखंडी कपाटात पडून होते. त्यांना बाहेर काढलं ते संघपाल नावाच्या माणसानं. मागच्या वर्षी जूनमध्ये तो मोर्शीकडून आला, पन्नाशीचा असेल, आणि दारातच बाबांच्या पाया पडला. त्याचा थोरला भाऊ सहावीत असताना विहिरीत पडून वारला होता. आता त्यांची आई अंथरुणाला खिळली होती.

"मास्तर, आमच्या घरी त्याचा एकबी फोटो नाही," तो म्हणाला. "माय म्हंते, मले त्याचं तोंड आठवून नाही राहिलं. रोज तेच म्हंते. तुमी फोटो काढत होते, म्हनून आलो."

बाबांनी अल्बम काढला, नाकाला लागेल इतका जवळ धरला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले. तिसऱ्या ओळीत बोट थांबलं. "हा. बटन तुटेल हाये बघ सदऱ्याचं." संघपाल तो फोटो हातात घेऊन हमसून रडला. मी सहजासहजी रडणाऱ्यातली नाही, म्हणून चहा टाकायला आत गेले आणि तिथे रडले.

तो गेल्यावर बाबा बराच वेळ अल्बम मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "दीक्षा, फोटो तं कोणीबी सांभाळन. पन हा कोण, तो कोण, हे मी सोडून कोणाले माहीत हाये?"

कुणालाच नव्हतं. आई वरुडकडची, तिला त्या गावांतलं कुणी ठाऊक नाही. आणि बाबांना काचबिंदू. उजवा डोळा आधीच गेलेला, डावा जात होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की एक वर्ष निघालं तर नशीब समजा. गेलेली नजर या आजारात परत येत नाही. म्हणजे आमच्या हातात एक वर्ष होतं, आणि नावं होती चार हजार तीनशे फोटोंमधल्या सगळ्या माणसांची.

मी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची असिस्टंट आहे. पोरांनी बिघडवलेलं सगळं दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे मला सगळं येतं असा माझा समज होता. मी ठरवलं, पेनड्राइव्हचा खेळ नको, नीट काम करायचं. दोन डिस्क बसणारा एक स्टोरेज बॉक्स मागवला. पावाच्या लादीएवढा काळा डबा. तो वायरनं राउटरला जोडला की घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून, मोबाइलवरून त्यातल्या फाइली उघडता येतात. एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी जिवंत. हे मी बाबांना मोठ्या रुबाबात समजावून सांगितलं.

"दोन्ही एकाच डब्यात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् डबा एकाच घरात. घराले आग लागली तं?"

बत्तीस वर्षं पोरांची उत्तरं तपासलेला माणूस. मग मी तसाच दुसरा डबा घेतला आणि अकोल्याला, जठारपेठेत माझा धाकटा भाऊ प्रीतम राहतो, त्याच्याकडे बसवून आले. अमरावतीच्या डब्यात दिवसभरात जे नवीन येईल त्याची प्रत रोज पहाटे आपोआप अकोल्याच्या डब्यात जायची. प्रीतमला मी बजावलं, "याले हात लावू नको, याच्यावर काही ठेवू नको, आन् सणासुदीले याचा प्लग काढून लायटिंग लावू नको." तो म्हणाला, "ताई, डबा हाये का पाहुना?" मी म्हटलं, जावई समज.

जुलै फोटो स्कॅन करण्यात गेला. ऑगस्टमध्ये नावांना सुरुवात झाली. रोज संध्याकाळी सहा ते आठ. लॅपटॉपवर फोटो मोठा करायचा, बाबा डाव्या डोळ्यानं एकेक चेहरा बघायचे आणि नाव सांगायचे, मी टाइप करायची. फोटो क्रमांक, ओळ, डावीकडून कितवा, नाव, गाव, बापाचं नाव. ही नावांची यादी मी थेट अमरावतीच्या डब्यातच ठेवली होती, 'नावं' असं नवं फोल्डर करून. लॅपटॉपवर ठेवली नाही, कारण माझा लॅपटॉप कॉलेजात येतो-जातो, हरवला तर काय घ्या. मी फार विचार करून वागते, असं मला तेव्हा वाटायचं.

बाबांना सगळं आठवत नव्हतं, पण जे आठवायचं ते असं की ऐकत राहावं. ही शेंदूरजनाघाटला दिली, हिचा नवरा संत्र्याच्या कलमा बांधतो. हा गणितात पक्का होता, पण बापानं सातवीतून काढला. कुणी आता तलाठी आहे, कुणी गेला. डोळे दुखायचे, पाणी गळायचं, आई म्हणायची पुरे करा. बाबा तिला म्हणायचे, "थांब वो जाई, हे एक ओळ राहिली." आई मग माझ्याकडे बघून ओरडायची, जणू ते फोटो मीच काढले होते.

एप्रिल संपला तेव्हा एकोणतीसशे फोटो झाले होते. आणि त्याच महिन्यात बाबांचा डावा डोळाही गेला. एकदम नाही, पण शेवटी उजेड आणि सावली एवढंच उरलं. त्या दिवशी ते म्हणाले, "उरले ते उरले. एकोणतीसशे तं झाले." मला वाटलं, जिंकलो आपण.

मे महिन्यात मला परीक्षेच्या ड्युटीवर चार दिवस धारणीला जावं लागलं. अमरावतीचा पारा पंचेचाळीसच्या पुढे होता. डबा हॉलमध्ये फळीवर होता आणि त्याला एक सोय आहे, फार तापला की तो शिट्टीसारखा आवाज करतो. तो आवाज करू लागला. बाबांनी चाचपडत जाऊन हात लावला, तर तव्यासारखा तापलेला. मी फोन उचलत नव्हते, परीक्षा चालू होती. आमच्या वऱ्हाडात तापलेल्या कुठल्याही जीवाला एकच औषध माहीत असतं. माणूस असो, तान्हं बाळ असो, पाहुण्यानं आणलेली मिठाई असो, नेऊन कूलरसमोर ठेवायची. बाबांनी आईला स्टूल ओढायला लावलं, वायर सोडवून डबा स्टुलावर कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवला आणि वायरी परत लावायला लावल्या. डबा गार झाला. आवाज बंद झाला. दोघंही समाधानानं झोपली.

आमच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या जुन्या, त्यातून हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब उडतात. बोअरचं पाणी, खारं. चार दिवस ते डब्याच्या जाळीतून आत जात राहिलं.

मी परत आले तेव्हा डब्याचा दिवा विझलेला होता आणि जाळीवर मिठाचा पांढरा थर. लॅबमध्ये मी पोरांना ओरडून शिकवते की ओली वस्तू कधी चालू करायची नाही, आधी उघडायची, सुकवायची. आणि मी काय केलं? डोकं फिरलेलं होतं, बटन दाबलं. आत चट् असा आवाज आला आणि जळका वास.

त्यानंतर मी बाबांना जे बोलले ते लिहायची मला लाज वाटते. तरी लिहिते. मी म्हटलं, "काहून हात लावला तुमी? दिसत नाही तं बसावं ना एका जागी!"

आई मागून म्हणाली, "दीक्षा!" एवढंच. बाबा उठले, भिंतीला हात लावत त्यांच्या खोलीत गेले. पुढचे आठ दिवस त्यांनी फोटोंचं नाव काढलं नाही. जेवायला बोलावलं की यायचे, जेवायचे, जायचे.

मला राग होता, भीती नव्हती. अकोल्याला प्रत होती ना! डिस्का मी खबरदारी म्हणून पुण्याला एका डेटा काढून देणाऱ्याकडे पाठवल्या आणि रविवारी एसटीनं अकोल्याला गेले. वाटेत मी मनात वाक्यसुद्धा तयार केलं होतं. घरी जाऊन म्हणणार होते, "पाहा बाबा, मी होते म्हणून वाचलं."

प्रीतमनं डबा खरंच जावयासारखा सांभाळला होता. वर रुमाल, बाजूला उदबत्तीसुद्धा नको म्हणून त्यानं बायकोला सांगितलेलं. मी लॅपटॉप जोडला. फोटो सगळे होते, चार हजार तीनशे बारा, एकही कमी नाही. 'नावं' फोल्डर नव्हतं.

मी पुन्हा बघितलं. मग सेटिंग उघडलं. कोणकोणती फोल्डरं अकोल्याला पाठवायची, त्यापुढे खुणा करायच्या असतात. त्या खुणा मी जुलैमध्ये केल्या होत्या. 'नावं' हे फोल्डर ऑगस्टमध्ये जन्मलं. त्याच्यापुढे खूण करायची मी विसरले होते. नऊ महिने डबा रोज पहाटे इमानदारीनं उठत होता आणि त्याला सांगितलेलं तेवढंच अकोल्याला पाठवत होता.

"ताई, पानी आनू का?" माझं तोंड बघून प्रीतमनं विचारलं.

परतीच्या बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत मी एकच गोष्ट करत होते. सांगायचं की नाही, हे ठरवत होते. बाबांना दिसत नव्हतं, सेटिंग त्यांना कळत नव्हतं. कूलरनं गेलं, एवढं म्हटलं असतं तर जन्मभर चाललं असतं. हा विचार माझ्या मनात आला, हे मी कबूल करते. पण आठ दिवस भिंत धरून चालणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

घरी गेले. बाबा पलंगावर बसले होते. मी चपला न काढताच सांगून टाकलं. खूण करायची राहिली. अकोल्याला नावं कधी गेलीच नव्हती. आणि इथलं जे वाचलं असतं, तेही मी ओला डबा चालू करून जाळलं.

बाबांनी विचारलं, "म्हंजे कूलरनं नाही गेलं?"

"कूलरनंबी गेलं. पन अकोल्यात असतं तं काहीच बिघडलं नसतं. अकोल्यात माह्यामुळं नव्हतं."

"मंग दोघायनं मिळून घालवलं," ते म्हणाले. आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज नेहमीसारखा आला. "मले वाटे, मी एकट्यानंच."

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, बाबा, चुकलं माझं. तुम्हाला बोलले तेही चुकलं. ते म्हणाले, "बोलली तं बोलली. पयले चपला काढ, तुही माय आताच फडकं मारून गेली."

पुण्याहून डिस्का सव्वा महिन्यानं परत आल्या. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती, काही निघू शकलं नाही. मी ती वाचून दाखवली. बाबा म्हणाले, "बरं झालं. वाट पायनं संपलं. आज संध्याकाळी सहाले बसू."

"बाबा, तुमाले दिसत नाही."

"तुले तं दिसते ना?"

तोवर मी नवा डबा बसवला होता, आतल्या खोलीत, कूलरपासून दूर. 'नावं' फोल्डर आधी केलं, अकोल्याच्या खुणेत घातलं आणि प्रीतमला फोन करून त्यात एक फालतू फाइल पोचल्याची खात्री करून घेतली. मग फोटो उघडला. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, चौथीचा वर्ग.

"सांग," बाबा म्हणाले.

"चार ओळी हायेत. पोट्टे उभे हायेत, पोरी खाली बसल्या."

"तोंडं सांग."

मी पाहिलं आणि मला काही सांगताच येईना. सगळे काळेसावळे, सगळे हडकुळे, सगळ्यांचे सदरे पांढरे. नऊ महिने मी या चेहऱ्यांची नावं टाइप केली होती आणि एकाही चेहऱ्याकडे धड पाहिलं नव्हतं. बाबा बघतात ना, मग मी कशाला बघू, असंच चाललं होतं माझं.

"कान पाय," बाबा म्हणाले. "कोणाचे कान बाहेर हायेत? हात कोणी कुठी ठेवला? कोण कोणाले चिपकून उभा हाये? थांब, मी पयले पट सांगतो."

आणि त्यांनी डोळे मिटून त्या वर्गाची हजेरी म्हणायला सुरुवात केली. एक, कुंदन. दोन, श्रावण. तीन, पुंडलिक. न अडखळता, शाळेत म्हणायचे त्याच चालीत, आधी मुलं, मग मुली, एक्केचाळीस नावं. दर वर्षी जून ते एप्रिल रोज सकाळी म्हटलेली ती नावं त्यांच्या तोंडात बसली होती, डोळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता. दरवाज्यात आई उभी राहून ऐकत होती.

मी ती नावं एका बाजूला लिहिली आणि चेहरे सांगू लागले. एका मुलानं दुसऱ्याचा खांदा धरलाय. "ते श्रावण आन् त्याचा चुलत भाऊ, श्रावण उंच हाये ना?" एकीच्या कपाळावर खोक आहे. "रमा. बैलानं मारलं होतं तिले." एक पोरगा कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघतोय. "तिकडं हापशी होती. पुंडलिकच तो, त्याले सदा तहान." चूक झाली तर ते माझ्यावर खेकसायचे, मीही खेकसायची. नीट बघ म्हणायचे. मी म्हणायची, नीटच बघून राहिली. पहिल्या दिवशी सहा नावं लागली. पाचव्या संध्याकाळपर्यंत तेहतीस.

फोटोत चेहरे होते छत्तीस. उरली तीन मुलं, शेवटच्या ओळीत, उन्हाकडे तोंड केल्यानं चेहरे पांढरे पडलेले. आणि पटावर नावं उरली होती आठ. मी कान सांगितले, केस सांगितले, सदऱ्याचा फाटलेला खिसा सांगितला. बाबा मान हलवत राहिले.

"त्या दिवशी पाच जन आलेच नसतीन," ते शेवटी म्हणाले. "फेब्रुवारी ना. मृग बहाराची तोडनी चालू असते. मायबापासंगं संत्रे भरायले जात पोट्टे."

"मंग या तिघांखाली काय लिहू? नाव माहीत नाही, असं?"

ते बोटं गुडघ्यावर वाजवत राहिले. मग म्हणाले, "आठही नावं लिही."

"तीनच तोंडं हायेत, बाबा."

"मले मोजता येते."

"पन पाच जन तं गैरहजर होते ना? तुमच्या पटावर तसंच असंन."

"असंन. मीच लिहिलं, लाल शाईनं," बाबा म्हणाले. "पोटासाठी गेल्ते ते पोट्टे. दहा-दहा वर्षांचे. आन् मी सकाळी नाव घेऊ, कोणी ओ नाही देल्ला का लाल शाई. तवा तेच समजे मले. आता नाही लिहीत. आठही लिही आन् आठायच्या समोर हजर लिही."

मी एकेक नाव टाइप केलं आणि प्रत्येकापुढे हजर लिहिलं. सेव्ह केलं. आई आत निघून गेली होती, पदर डोळ्यांना लावून.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"पुढचा फोटो घे."